अँटेना कुठे आणि कशी बसवावी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची रेडिओ अँटेनाविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी कोणती अँटेना विकत घ्यावी असे विचारले आहे. आमच्या मते त्याआधी ती कोणत्या जागी बसणार हे ठरले पाहिजे, कारण चुकीच्या जागेतली महागडी अँटेना योग्य जागेतल्या साध्या तारेपेक्षा कमी काम करते.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर बावीस मजली इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. हौशी रेडिओचा परवाना नुकताच मिळाला असून १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे दोन मीटर बँडवर, संदेश पकडून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या मुंबईकडच्या रिपीटरमार्फत बोलण्याची इच्छा आहे. लिफ्टच्या खोलीच्या माथ्यावर अँटेना बसवावी असे एका मित्राने सुचवले. बाल्कनीतही जागा आहे. यातील कोणती जागा निवडावी?

उत्तर : या बँडवर लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि आपल्या बाबतीत त्या रेषेत येऊरचा डोंगर आडवा येतो. बावीस मजली इमारत जमिनीपासून साधारण ६५ ते ७० मीटर उंच भरते, तेव्हा गच्चीवर आणखी दोन-चार मीटरचा पाइप उभा केल्याने डोंगर ओलांडला जाणार नाही. गच्चीवर गेल्याने शेजारच्या इमारतींचा अडथळा मात्र कमी होतो, आणि आपल्याला मिळणारा फायदा तोच आहे. आपली बाल्कनी भिवंडीच्या बाजूला असेल तर मुंबईसाठी तिचा उपयोग बेताचाच होईल; ती दक्षिणेला, ठाणे शहराच्या दिशेने उघडी असेल तर आधी तिथेच प्रयोग करावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

या आग्रहाचे कारण केबल आहे. नवव्या मजल्यापासून गच्चीपर्यंत डक्टमधून केबल नेली तर वळणे धरून ती सुमारे ५० मीटर लागेल. बाजारात सहज मिळणारी आरजी-५८ ही बारीक केबल या फ्रिक्वेन्सीवर १०० मीटरला जवळजवळ २० डेसिबल शक्ती खाते, म्हणजे ५० मीटरला १० डेसिबल. आपल्या संचातून २५ वॅट निघाले तर अँटेनापर्यंत अडीच वॅटच पोहोचतील, आणि येणाऱ्या क्षीण संदेशाचेही तसेच होईल. जाड आरजी-२१३ वापरली तर साधारण ९ वॅट पोहोचतील आणि अर्धा इंची फोम केबल वापरली तर १८ वॅटच्या आसपास. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : फार शक्ती खाणारी केबल परतणारी लहरही खाते, त्यामुळे संचाजवळचा एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती लहर परतते ते दाखवणारा) उत्तम आकडा दाखवतो आणि सर्व काही ठीक आहे असा समज होतो. मीटर शक्य असल्यास एकदा तरी अँटेनाच्या पायथ्याशी लावून पाहावा.

गच्चीच निवडायची असेल तर खरेदीपूर्वी एक संध्याकाळ हातातला छोटा संच घेऊन तिथे फिरावे. रिपीटरवर संभाषण चालू असताना संच छातीपाशी धरून कठड्याच्या कडेने हळूहळू चालत गेल्यास एका जागी आवाज स्वच्छ येतो, एक पाऊल पुढे टाकताच खरखरतो आणि पुढच्या पावलाला पुन्हा स्वच्छ होतो. समोरच्या इमारतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळत असल्यामुळे हे घडते. दोन मीटर बँडवर असे चढउतार साधारण एक-एक मीटरच्या अंतराने येतात. जिथे आवाज चांगला तिथे खडूने खूण करावी, शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी खात्री करावी, आणि पाइप त्या खुणेपाशी उभा करावा. कधीकधी डोंगराच्या दिशेपेक्षा समोरच्या उंच इमारतीवरून परतणारी लहर अधिक जोरकस असते. तसे आढळल्यास यागी, म्हणजे एकाच दिशेला रोखलेल्या, अँटेनाचे तोंड त्या इमारतीकडे करण्यात काहीच गैर नाही.

लिफ्टच्या खोलीचा माथा आम्ही शेवटचा पर्याय मानतो. तिथे मोटार नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचा विद्युत गोंगाट असतो, वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत नेणारा, दांडा बहुधा तिथेच असतो, आणि दुरुस्तीसाठी चढणाऱ्या माणसाला धरायला काही नसते. रिपीटरसाठी अँटेना उभीच हवी. गच्चीवर मोबाइल कंपनीच्या अँटेना असतील तर त्यांच्यापासून दूर राहावे आणि त्यांच्या समोरच्या बाजूला उभे राहून काम करू नये.

प्रश्न : नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. वय झाल्यामुळे गच्चीवर जाणे होत नाही. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ऐकायची असते, पण घरात केवळ घरघर ऐकू येते. बाहेर अँटेना लावावी का?

उत्तर : बाहेर अँटेना लावण्याची गरज नाही. अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे ५३७ मीटर आहे. इतकी लांब लहर डोंगराला वळसा घालून जमिनीलगत येते, म्हणून येऊरचा अडथळा आपल्याला जाणवत नाही. आपला अडथळा घरातच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर एकेक करून बंद करावेत आणि कोणता बंद केल्यावर घरघर कमी होते ते पाहावे. दोषी उपकरण एखादेच निघण्याची शक्यता अधिक आहे, आणि स्वस्त चार्जरवर पहिला संशय घ्यावा.

रेडिओच्या आत फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची) आडवी कांडी असते आणि तीच या लहरींची अँटेना असते. बाहेर ओढायची चकचकीत दांडी फक्त एफएमसाठी, आणि असल्यास शॉर्टवेव्हसाठी, उपयोगी पडते. कांडी स्टेशनच्या दिशेला काटकोनात असताना आवाज सर्वांत मोठा येतो. प्रक्षेपण केंद्र मालाडला, म्हणजे ठाण्याच्या जवळजवळ सरळ पश्चिमेला असल्यामुळे, संचाची लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवावी. संच पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवावा, परंतु लोखंडी ग्रिलला किंवा पोलादी कपाटाला टेकवू नये. त्यानंतर तो थोडाथोडा फिरवून पाहावा, कारण कांडीचे टोक गोंगाटाच्या दिशेला आले की गोंगाट एकदम मंदावतो, आणि स्टेशनचा आवाज किंचित घटला तरी ऐकणे सुखाचे होते.

प्रश्न : वाशीला सात मजली इमारतीत राहते. सोसायटीने गच्चीवर ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडचा डायपोल, म्हणजे मध्यभागी केबल जोडलेली तारेची अँटेना, लावण्यास तोंडी संमती दिली आहे. गच्ची साधारण २४ मीटर लांब आहे, पण गळतीमुळे तिच्या मोठ्या भागावर पत्र्याची शेड घातली आहे. महाराष्ट्रातील मंडळींशी बोलायचे आहे आणि जमल्यास परदेशातही. तार किती उंच आणि कोणत्या बाजूला ताणावी?

उत्तर : आपल्या पत्रातील पत्र्याची शेड हा सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. ठाणे-नवी मुंबईत अशा शेड आता जागोजागी दिसतात, आणि अँटेनाच्या पुस्तकांत दिलेली गणिते मोकळ्या जमिनीसाठी केलेली असतात.

आधी लांबी. मीटरमधील लांबीसाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचे, ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती २०.१ मीटर येते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. आपल्या गच्चीवर ती बसते. तार प्रत्येक बाजूला अर्धा मीटर जास्त ठेवून चढवावी आणि मीटर पाहत दोन्ही बाजूंनी सारखी कमी करत आणावी. जवळच्या पत्र्यामुळे गणिताचा आकडा हमखास सरकतो, आणि प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार उघड्या तारेपेक्षा थोडी आखूड लागते.

उंचीच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी घडतात. तारेतून सरळ वर जाणारी शक्ती ठरवताना खालचा पत्राच जमिनीचे काम करतो. तार शेडपासून जेमतेम दोन मीटरवर असेल तर अँटेनाचा विरोध घसरतो, ती नीट चालते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा अरुंद होतो आणि एसडब्ल्यूआर जुळवताना नाकी नऊ येतात. क्षितिजाकडे कललेल्या कोनात जाणारी शक्ती मात्र इमारतीची कड ओलांडून दूरच्या जमिनीवरून परावर्तित होते, म्हणून तिच्यासाठी सात मजल्यांची उंची खरोखर उपयोगी पडते. पुणे, कोल्हापूर, नाशिक यांच्याशी दिवसा बोलण्यासाठी उंच कोनातली शक्ती हवी असते आणि परदेशासाठी खालच्या कोनातली. आपल्या इमारतीवर दोन्ही कामे बऱ्यापैकी साधतील, फक्त मधला बिंदू पत्र्यापासून किमान पाच-सहा मीटर वर न्यावा. टोके खाली उतरवून उलट्या व्ही आकारात बांधल्यास एकाच मधल्या खांबावर काम भागते. दोन भुजांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये.

टोके कुठे बांधावीत याचा विचार घाईने करू नये. शंभर वॅटवर डायपोलच्या टोकाशी शेकडो व्होल्टचा दाब असतो. आपल्याकडे गच्चीवर कपडे, पापड, मिरच्या वाळत घालायला माणसे येतात आणि मुले खेळतात, तेव्हा टोक कुणाच्याही हाताला लागणार नाही इतके, म्हणजे तिथे उभ्या माणसाच्या उंचावलेल्या हाताच्या बरेच वर असले पाहिजे. ते शेडच्या पत्र्यालाही लागू नये. मधे इन्सुलेटर आणि पुढे पॉलिस्टरचा दोर अशी रचना करावी.

बाजू निवडताना कान वापरावा. शॉर्टवेव्ह असलेला बॅटरीवरचा छोटा रेडिओ ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, स्टेशन नसलेल्या जागी लावून गच्चीभर फिरावे. लिफ्ट हलली की वाढणारा गोंगाट तिच्या मोटारीचा असतो. सूर्य मावळताच थांबणारा गोंगाट बहुधा सौर पॅनलच्या इन्व्हर्टरचा असतो आणि अंधार पडल्यावर सुरू होणारा दिव्यांचा. रात्रंदिवस एकसारखा चालणारा गोंगाट सीसीटीव्हीच्या किंवा इंटरनेटच्या वीजपुरवठ्यातून येतो. ज्या कोपऱ्यात हे सर्व सर्वांत मंद ऐकू येते तिथे मधला खांब न्यावा, मग तिथून दिसणारा देखावा कमी मोकळा असला तरी चालेल. केबल अँटेनाला जिथे जोडली जाते तिथे ती मोठ्या फेराइट कड्यातून दहा-बारा वेढे देऊन न्यावी, म्हणजे केबलचे बाहेरचे वेष्टण स्वतःच अँटेना होऊन इमारतीतला गोंगाट आत आणणार नाही.

शेडविषयी आणखी एक सूचना. खाडीच्या खारट हवेत पत्र्यांचे बोल्ट गंजतात आणि दोन पत्र्यांमधला गंजलेला सांधा डायोडसारखा, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा, वागू लागतो. आपल्या प्रक्षेपणातून तिथे नको त्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये त्यांचा उपद्रव होऊ शकतो. अशी तक्रार आल्यास संच उघडण्यापूर्वी शेडचे बोल्ट तपासावेत. तसेच तोंडी संमतीवर थांबू नये. समितीच्या सभेत ठराव करून त्याची प्रत घ्यावी, कारण समिती बदलली की तोंडी शब्दाला आधार राहत नाही.

प्रश्न : मी कळव्यातील एका गृहनिर्माण सोसायटीचा सचिव आहे. एका सभासदाने गच्चीवर सहा मीटर उंचीचा खांब उभारण्याची परवानगी मागितली आहे. समितीत कुणालाच यातील माहिती नाही. नकार देण्याची इच्छा नाही, पण जबाबदारी आमच्यावर येईल. काय तपासावे?

उत्तर : आपली समिती नकाराऐवजी माहिती मागत आहे याचे आम्हांला मनापासून समाधान वाटले. सभासद प्रक्षेपण करणार असेल तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळालेल्या हौशी रेडिओ परवान्याची प्रत घ्यावी आणि खांब, आधार, केबलचा मार्ग दाखवणारे एका पानाचे रेखाचित्र मागावे. बाकीचे प्रश्न वारा, वीजवाहिनी, आकाशातली वीज आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांचे आहेत.

वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ११८ किलोचा दाब येतो. दीड इंची जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर असतो. सहा मीटर लांबीत त्याच्यावर अँटेना न धरताही चाळीस किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो लांब पाइपावर असल्यामुळे पायथ्याला वाकवणारा फार मोठा जोर बसतो. इमारतीच्या उंचीप्रमाणे हा भार आणखी वाढतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले होते, तेव्हा हा विचार केवळ कागदावरचा नाही. विटांच्या कठड्याला असा खांब क्लॅम्पने जखडू देऊ नये. आधार काँक्रीटच्या कॉलमला किंवा बीमला असावा, आणि तीन दिशांना सारख्या कोनांत ताणाच्या तारा बांधलेल्या असाव्यात. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याला जागा दाखवून त्याचे दोन ओळींचे पत्र घ्यावे.

गच्चीच्या लादीत किंवा कोब्यात एकही भोक पाडू देऊ नये. चायना मोझॅकला पडलेले एक भोक वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला अनेक पावसाळे त्रास देते. पायथा हवाच असेल तर रबराच्या जाड पट्टीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून चौकट करावी. टाकीचे झाकण, अग्निशमनाचे नळ आणि जिन्याकडे जाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

कळव्यातून उच्चदाब वाहिन्या जातात, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. खांब किंवा ताणाची तार कोणत्याही बाजूला कोसळली तरी वीजवाहिनीपर्यंत पोहोचता कामा नये. खांबाच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर सोडावे. इमारतीला खेटून जाणारी वाहिनी असेल तर त्या बाजूला परवानगी देऊच नये. खांब उभा करताना हातातून निसटलेला पाइप वाहिनीवर पडला तर बचावाला वेळ मिळत नाही, हे समितीने सभासदाला स्पष्ट शब्दांत सांगावे.

आकाशातल्या विजेसाठी खांब इमारतीच्या वीजरोधक यंत्रणेला जवळच्या मार्गाने, शक्यतो वळणे टाळून, जाड पट्टीने जोडावा. आपल्याकडे २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी सर्रास वापरतात आणि ती चालते. खांबासाठी वेगळा खड्डा खणून स्वतंत्र अर्थिंग करण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण वीज पडल्यावर दोन अर्थिंगमध्ये प्रचंड दाबाचा फरक निर्माण होतो आणि तो घरातल्या संचामधून वाट काढतो. सर्व अर्थिंग एकमेकांना जोडलेली असावीत. घरात येणाऱ्या पाइप गॅसच्या नळीला कोणतीही अर्थिंगची तार जोडू देऊ नये. केबल घरात शिरते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर, म्हणजे विजेचा जादा दाब अर्थिंगकडे वळवणारा भाग, असावा. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग दाटू लागले की सभासदाने केबल संचापासून आधीच सोडवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये. सोडवलेले टोक टेबलाखाली लोंबकळत ठेवल्याने संरक्षण होत नाही. ते बाहेर, अर्थिंगच्या पट्टीवर जोडून ठेवावे.

प्रश्न : सीवूड्सला राहतो. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यामुळे आता गच्चीवर अँटेनाचा खांब उभारता येईल का?

उत्तर : विमानतळाच्या परिसरातील उंचीवर २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार मर्यादा आहे. ही मर्यादा समुद्रसपाटीपासून मोजली जाते आणि तिच्यात गच्चीवरची टाकी, लिफ्टची खोली, खांब, अँटेना हे सर्व धरले जाते. इमारत बांधताना विमानपत्तन प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र घेतलेले असल्यास सोसायटीच्या कागदपत्रांत त्याची प्रत असावी; त्यातील कमाल उंची आणि इमारतीची प्रत्यक्ष उंची यांतील फरक पाहावा. लिफ्टच्या खोलीच्या माथ्यापेक्षा खाली राहणारी अँटेना सहसा या मर्यादेच्या आतच राहते. इमारत मर्यादेला टेकलेली असेल तर कठड्यालगतची बुटकी रचना किंवा बाल्कनी यांचाच विचार करावा.

प्रश्न : ऐरोलीला गच्चीवर दोन वर्षांपूर्वी अँटेना बसवली. पहिल्या पावसाळ्यानंतर जोर कमी झाला आणि दुसऱ्या पावसाळ्यात एसडब्ल्यूआर बिघडला. अँटेना बदलावी का?

उत्तर : अँटेना बदलण्यापूर्वी वरचा कनेक्टर कापून पाहावा. केबलचे काळे आवरण दीड-दोन इंच सोलल्यावर आतली तांब्याची जाळी चकचकीत दिसली पाहिजे. ती काळपट किंवा हिरवट दिसली आणि बोटाला ओल लागली तर पाणी आत गेले आहे. ही जाळी दिव्याच्या वातीप्रमाणे पाणी ओढत नेते, आणि एका सैल कनेक्टरमधून शिरलेले पाणी काही मीटर खालपर्यंत पोहोचते. स्वच्छ तांबे दिसेपर्यंत केबल कापत जावे. खूप कापावी लागली तर पूर्ण केबल बदललेली बरी, कारण भिजलेली जाळी सुकली तरी तिचा ऱ्हास थांबत नाही.

आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा पीएल-२५९ कनेक्टर मुळात जलरोधक नाही. तो घट्ट आवळल्यावर त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गुंडाळावी. शेवटचा थर खालून वर गुंडाळत आणावा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी फटीत न थांबता ओघळून जाते. त्यावर उन्हापासून संरक्षण म्हणून साधी काळी टेप लावावी. नुसती इलेक्ट्रिकची टेप एका उन्हाळ्यात सुटते. सिलिकॉन लावायचे असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये, त्यातील आम्ल तांबे खाते. केबल भिंतीतून आत नेण्याआधी तिला खाली झुकलेला एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून जाईल.

ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या जागी यू-बोल्ट आणि नट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या नळीवर तांब्याची तार थेट आवळू नये. खारट ओलाव्यात तो सांधा लवकर पांढऱ्या भुकटीने भरतो. मधे स्टेनलेसचा वॉशर घालावा. ही सर्व तपासणी मेच्या मध्यापर्यंत उरकावी आणि पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरमध्ये, ताणाच्या तारांसह पुन्हा करावी.